कुलवृत्तान्तांतील रिकामा रकाना

आमच्या कोंकणांत कुलवृत्तान्त ठाऊक नाहीं असें घर विरळा. मूळपुरुष कोण, तो कोठून कोठें गेला, गोत्र कोणतें, कुलदैवत कोणतें, कोणत्या शाखेस किती मुलगे झाले, कोण मामलेदार झाला, कोण काशीस जाऊन राहिला, ही सर्व माहिती एखादा चिकाटीचा गृहस्थ गांवोगांव हिंडून, पत्रें पाठवून, जुनीं दप्तरें उलगडून जमवितो आणि तिचा जाडजूड ग्रंथ छापून निघतो. घरांत लग्नाची बोलणीं सुरू झालीं, मुंज निघाली, कीं तो ग्रंथ फडताळांतून खालीं येतो. अशा ग्रंथांमागील कष्टांस तोड नाहीं.

परंतु या ग्रंथांत एक रकाना बहुधा रिकामा असतो. मनुष्य केव्हां जन्मला हें असतें. केव्हां वारला हेंहि पुष्कळदां असतें. कशानें वारला हें मात्र नसतें. ‘अल्पवयांत दिवंगत’ एवढ्या दोन शब्दांत एक आयुष्य संपतें. आज त्या रकान्यासंबंधानें चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण, कांहीं घराण्यांत तो रकाना भरलेला असेल तर पुढच्या पिढीचीं माणसें वांचवितां येतील, इतपत वैद्यकशास्त्र आतां पुढें आलें आहे.

घराण्यांत चालत येणारा एक रोग

अशा रोगांपैकीं एक रोग मोठ्या आंतड्याचा आहे. त्याचें इंग्रजी नांव लांबलचक असल्यामुळें डॉक्टर त्यास थोडक्यांत ‘एफएपी’ म्हणतात. आपण त्यास कौटुंबिक मांसांकुर-रोग म्हणूं. मोठ्या आंतड्याच्या आंतील अस्तरावर बारीक बारीक मांसांकुर उठतात. डॉक्टर त्यांस पॉलिप म्हणतात. उतारवयांत असा एखाददुसरा अंकुर पुष्कळांच्या आंतड्यांत सांपडतो आणि तो काढून टाकतां येतो. या रोगांत मात्र ते शेंकड्यांनीं, कधीं हजारांनीं उगवतात, आणि तेहि कोंवळ्या वयांत. सरासरीनें १६ व्या वर्षाच्या सुमारास त्यांस आरंभ होतो. रोगाचें बीज ज्यांच्या अंगांत आहे अशा १०० जणांपैकीं ९५ जणांत ते पस्तिशीपर्यंत दिसूं लागतात. एकेक अंकुर घेतला तर तो निरुपद्रवी. परंतु शेंकडों अंकुरांपैकीं एखादा तरी कर्करोगाकडे वळल्यावांचून राहत नाहीं. उपचार न झाल्यास कर्करोग आढळण्याचें सरासरी वय ३९ आहे. ज्याच्या माथ्यावर म्हाताऱ्या आईबापांचा आणि लहान मुलांचा भार आहे, नेमका तोच कर्ता मनुष्य, किंवा तीच घर चालविणारी बाई, हा रोग उचलून नेतो.

हा रोग तसा विरळा आहे. सुमारें १०,००० जन्मांमागें एक असें त्याचें प्रमाण सांगतात. परंतु ज्या घरांत तो आहे त्या घरांत तो विरळा नसतो. आईस किंवा बापास असेल तर प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो; मुलगा आणि मुलगी असा भेद तो करीत नाहीं. ‘निम्मा’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. चार मुलांत दोघांना, असा हा वांटणीचा हिशेब नव्हे. प्रत्येक मुलाच्या वेळीं नाणें नव्यानें उडविलें जातें. चौघांनाहि येईल, एकासहि येणार नाहीं. ज्यास तें बीज मिळालें नाहीं तो पुढें कोणास देऊंहि शकत नाहीं. त्याची शाखा तेथून पुढें मोकळी झाली. चार-पांच रोग्यांत एखादा असाहि सांपडतो कीं, त्याच्या आईबापांत कोणासच हा दोष नव्हता; त्याच्यापासूनच तो नव्यानें सुरू झाला. अशा मनुष्याचे पूर्वज निर्दोष असले तरी त्याच्या मुलांस धोका निम्माच.

तीन अक्षरांचे गण

या रोगाचें मूळ ज्या जनुकांत आहे त्याचें नांव ‘एपीसी’. तें पांचव्या गुणसूत्रावर असतें. जनुक म्हणजे शरीर घडविण्याच्या सूचनांचा एक लेख. ज्यांनीं शाळेंत वृत्तें घोकलीं आहेत त्यांस या लेखाची रीत समजण्यास अडचण पडूं नये. अक्षरगणवृत्तांत गण तीन अक्षरांचा असतो. पेशींतील हा लेखहि तीन-तीन अक्षरांच्या गणांनींच वाचला जातो. एका गणावरून एक अमिनो आम्ल ठरतें, आणि अशा आम्लांची माळ म्हणजे प्रथिन. एपीसी जनुकाच्या प्रथिनांत असे २,८४३ मणी आहेत.

आतां एखाद्या श्लोकाच्या चरणांतून मधलेंच एक अक्षर गाळून गण पाडून पाहावे. गाळल्या जागेपर्यंत सर्व ठीक. तेथून पुढें मात्र एकहि गण पूर्वीचा राहत नाहीं. एपीसी जनुकांत वारंवार आढळणारा दोष असाच आहे. १३०९ व्या गणापाशीं पांच अक्षरें गळतात. तीनच गळलीं असतीं तर एक गण जाऊन पुढची चाल सांवरली असती. पांच गळल्यामुळें पुढील सर्व वाचन चुकतें आणि थोड्याच अंतरावर अवेळीं पूर्णविराम येतो. प्रथिन निम्मेंहि तयार होत नाहीं. ज्यांच्यांत हा दोष असतो त्यांस अंकुर लवकर येतात आणि फार येतात. उलट, दोष जनुकाच्या अगदीं आरंभीं वा अखेरीस असला तर रोग बहुधा सौम्य असतो; अंकुर शंभराच्या आंत आणि उशिरां उठतात.

हें प्रथिन काम तरी काय करतें? आंतड्याचें अस्तर दर चार-पांच दिवसांनीं नवें होत असतें. जुन्या पेशी गळतात, नव्या वर येतात. ‘वाढ’ अशी आज्ञा पेशीस पोंचविणारें बीटा-कॅटेनिन नांवाचें दुसरें एक प्रथिन आहे. तें वेळच्या वेळीं मोडीत काढावें, म्हणजे वाढीस आळा बसावा, हें एपीसीचें मुख्य काम. प्रत्येक पेशींत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची व एक बापाची. या घराण्यांतील मूल एक बिघडलेली प्रत घेऊन जन्मास येतें. दुसरी शाबूत असते तोंपर्यंत काम चालतें. एखाद्या पेशींत तीहि बिघडली कीं तेथें अंकुर फुटतो. अस्तरांत पेशी अगणित, म्हणून अंकुरहि शेंकडों. येथें एक गोष्ट सर्वांनींच लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्यांच्या घराण्यांत असा दोष मुळींच नाहीं अशा लोकांसहि उतारवयांत आंतड्याचा कर्करोग होतो, आणि त्यांच्याहि गांठींत १०० पैकीं सुमारें ८० वेळां हेंच जनुक बिघडलेलें आढळतें. फरक इतकाच कीं, त्यांच्यांत तें नंतर बिघडतें; या घराण्यांत तें जन्मतःच अर्धें बिघडलेलें असतें.

आधीं वंशावळी, मग जनुक

हा शोध सूक्ष्मदर्शकानें लागला असें कोणास वाटेल. परंतु त्याचा आरंभ वंशावळींनीं झाला. लंडन येथील सेंट मार्क्स रुग्णालयांतील शस्त्रवैद्य लॉकहार्ट-ममरी यांनीं १९२५ मध्यें अशा तीन कुटुंबांची हकीगत प्रसिद्ध केली. कथबर्ट ड्यूक्स यांच्या साहाय्यानें त्या रुग्णालयांत अशा घराण्यांची नोंदवही ठेवण्याचा परिपाठ पडला, आणि एका रोग्यावरून त्याच्या भावंडांस व मुलांस दुखणें सुरू होण्यापूर्वींच बोलावून तपासण्याची पद्धति त्यांतून निघाली. १९५१ मध्यें अमेरिकेंतील युटा प्रांतांतील एल्डन गार्डनर यांनीं दाखविलें कीं, अशा कांहीं घराण्यांत जबड्याच्या वा कवटीच्या हाडावर गांठी, त्वचेखालीं गोळे आणि जादा दांत अशीं बाहेरून दिसणारीं लक्षणेंहि असतात. १९८६ मध्यें एका रोग्याच्या पांचव्या गुणसूत्राचा तुकडाच गळालेला आढळला. त्या धाग्यावरून १९८७ मध्यें रोगाची जागा निश्चित झाली आणि १९९१ मध्यें अमेरिकेंतील व जपानमधील संशोधकांनीं जनुक प्रत्यक्ष हातीं घेतलें. म्हणजे वंशावळीपासून जनुकापर्यंत पोंचण्यास ६६ वर्षें लागलीं.

आंतड्याच्या कर्करोगाचें दुसरेंहि एक आनुवंशिक घराणें आहे. त्यास ‘लिंच’ यांचें नांव आहे. त्यांत अंकुर थोडे, पण कर्करोग लवकर, आणि स्त्रियांस गर्भाशयाचाहि धोका. त्याचा आरंभ तर एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोलण्यांतून झाला. १८९५ मध्यें अमेरिकेंतील डॉक्टर वॉर्थिन यांस ती म्हणाली कीं, माझ्या घरचीं इतकीं माणसें याच रोगानें गेलीं, मीहि यानेंच जाईन. वॉर्थिन यांनीं तें बोलणें हंसण्यावारी नेलें नाहीं. त्यांनीं तिची वंशावळ जमविली आणि १९१३ मध्यें प्रसिद्ध केली. ती बाई म्हणाली होती तशीच गर्भाशयाच्या कर्करोगानें गेली. परंतु तिच्या सांगण्यानें पुढें असंख्य घरांस वाट सांपडली.

आपल्याकडेहि ही दृष्टि अगदींच नवी नाहीं. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांनीं कोणत्या समाजांत कोणता कर्करोग अधिक होतो आणि त्यांत राहणीचा भाग किती, याचा बारकाईनें अभ्यास केला. १९४९ मध्यें त्यांनीं डॉक्टर संघवी यांच्यासह मुंबईंतील आपसांतच विवाह करणाऱ्या सहा समाजांच्या सात आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांनीं उभारलेल्या संशोधनसंस्थेचा वारसा आज नव्या मुंबईंत खारघर येथें ‘अॅक्ट्रेक’ या नांवानें चालतो. आनुवंशिक कर्करोगाच्या घराण्यांची तपासणी व समुपदेशन टाटा केंद्रांत होतें.

बीज, सपिंड आणि आडनांव

आपल्या प्राचीनांस या गोष्टींची अंधुक जाणीव होती. चरकसंहितेंत अर्शाचे, म्हणजे मूळव्याधीचे, सहज आणि जन्मानंतर झालेले असे दोन भेद केले आहेत. आणि ज्या बीजभागापासून गुदवली घडतात तो भाग बिघडल्यानें सहज अर्श होतात असें कारण दिलें आहे. मनुस्मृतींत विवाहास टाळावीं म्हणून जीं दहा कुळें सांगितलीं आहेत त्यांत क्षय, अपस्मार, कुष्ठ यांच्याबरोबर अर्शहि आहे. म्हणून चरकास वा मनूस एपीसी जनुक ठाऊक होतें असें म्हणणें शुद्ध वेडेपणा होईल. रोग कुळांतून येतो एवढें त्यांनीं पाहिलें होतें. कोणास येईल आणि कोणास येणार नाहीं, हें सांगण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. म्हणून त्यांनीं सबंध कूळ वर्ज्य केलें. आज तें साधन आहे. मग सबंध कुळास दोष देण्याचें कारणहि उरलें नाहीं.

विज्ञानेश्वराची मिताक्षरा या बाबतींत अधिक मार्मिक वाटते. सपिंड म्हणजे एका शरीराचे अवयव ज्यांच्यांत समान आहेत ते, असा अर्थ त्यानें केला आणि आईच्या बाजूचींहि माणसें त्यांत धरलीं. आमचे कुलवृत्तान्त मात्र मुलाच्या मागोमाग जातात आणि मुलीपाशीं थांबतात. ‘कन्या अमुक यांस दिली’ असें लिहून ती ओळ संपते. जनुक तेथें संपत नाहीं. तें लेकीबरोबर दुसऱ्या घरीं जातें, दुसरें आडनांव धारण करतें, आणि तिसऱ्या पिढींत एखाद्या नातवास रोग झाला म्हणजे त्याच्या बापाच्या कुलवृत्तान्तांत त्याचा मागमूसहि लागत नाहीं. म्हणून या कामीं आजोळची वंशावळ वडिलांच्या वंशावळीइतकीच मोलाची आहे.

सगोत्र टाळलें म्हणजे झालें, असेंहि कोणी म्हणतील. एपीसीचा दोष एकाच बाजूनें आला तरी पुरतो; तेथें गोत्र आडवें येत नाहीं. २००२ मध्यें मात्र अंकुरांचा दुसरा एक आनुवंशिक प्रकार सांपडला. त्यास ‘म्यूटीवायएच’ नांवाचें जनुक कारण आहे, आणि त्यांत आई व बाप या दोघांकडूनहि दोष यावा लागतो. अशा ठिकाणीं जवळच्या नात्यांतील विवाह, मग तो मामाच्या मुलीशीं कां असेना, धोका वाढवितो.

मूळव्याध म्हणून सोडून दिलेलें रक्त

आतां घरांतल्या समजुतींकडे वळूं. शौचाबरोबर रक्त पडलें कीं आपण तें मूळव्याधीचें ठरवून मोकळे होतों. सुरणास संस्कृतांत ‘अर्शोघ्न’ असें नांवच आहे. मग सुरणाची भाजी, ताक, इसबगोल असे उपाय चालू होतात. पुष्कळ वेळां ती मूळव्याधच असते. परंतु तरुण वयांत वारंवार रक्त जात असेल, शौचाची संवय बदलली असेल, अंग पांढुरकें पडून थकवा येत असेल, आणि त्यांतून घरांत कोणी पन्नाशीच्या आंत आंतड्याच्या रोगानें गेलेलें असेल, तर डॉक्टरांकडून आंत दुर्बीण घालून तपासून घेण्यास एक आठवड्याचाहि विलंब लावूं नये. ‘आम्ही शाकाहारी, आम्हांस कोठून होणार’ हा भरंवसाहि येथें उपयोगी नाहीं. सात्त्विक आहार इतर दृष्टीनें हितकरच आहे. परंतु जन्मतः गळलेलीं अक्षरें तो भरून काढीत नाहीं. घरांत एकामागून एक तरुण माणसें गेलीं म्हणून कोणी त्र्यंबकेश्वरीं नारायण-नागबळी करतात. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मात्र तो करून परततांना मुलांची तपासणीहि करून घ्यावी.

लग्न मोडेल ही भीति

निवृत्तीनंतर एका घराण्याच्या कुलवृत्तान्ताचीं मुद्रितें तपासण्याचें काम माझ्याकडे आलें होतें. एका शाखेंत लागोपाठ तीन पिढ्यांत चाळिशीच्या आंत गेलेलीं माणसें दिसलीं. कारण विचारलें तेव्हां त्या घरच्या वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “पोटाचं दुखणं होतं हो मास्तर. पण ते लिहू नका. नातीचं लग्न व्हायचं आहे.” त्या दुखण्याचें नांव त्यांसहि कधीं कोणी सांगितलेलें नव्हतें. त्यांच्या बोलण्यांत लबाडी नव्हती. नातीविषयींची माया होती. परंतु हीच माया किती महाग पडते पाहा. ज्या नातीसाठीं तें झांकावयाचें, तिलाच तें कळावयास हवें. झांकल्यानें स्थळ जमेल. पण दहा वर्षांनीं तिला रक्त जाऊं लागलें तर सासरचा डॉक्टर कोणत्या माहितीवर निदान करणार? तिच्या मुलांस कोण सांगणार?

बरें, उघड बोलण्यांत तोटाच आहे असेंहि नाहीं. तपासणींत नातीस दोष नाहीं असें ठरलें, आणि तसें ठरण्याचा संभव निम्मा आहे, तर तिच्यावरील संशय कायमचा गेला. दोष निघाला तरी तो मृत्युलेख नव्हे. वेळेवर मोठें आंतडें काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करतात. लहान आंतडें गुदाशयास जोडतात, किंवा लहान आंतड्याचीच पिशवी करून जोडतात. त्यानंतर दिवसांतून कांहीं वेळां अधिक शौचास जावें लागतें, जठराच्या पुढच्या आंतड्याची व उरलेल्या भागाची तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. परंतु शिक्षण, नोकरी, संसार, मुलेंबाळें हें सर्व होऊं शकतें. पूर्वीं जो रोग चाळिशींत माणूस नेत असे तो आज आधीं कळला तर आटोक्यांत ठेवतां येतो. ज्या वरपक्षास हें समजावून सांगितल्यावरहि केवळ भीति वाटते त्याच्या घरीं मुलगी न दिलेलीच बरी.

काय करावें

सर्वप्रथम घरांतील जिवंत वडीलधाऱ्या मंडळींस शांतपणें विचारून तीन पिढ्यांचा तक्ता करावा. बापाकडील व आईकडील दोन्ही. प्रत्येक नांवापुढें वय, रोग, आणि कोठें उपचार झाले तें लिहावें. जादा दांत, जबड्यावरील गांठ, आंतड्याचें ऑपरेशन अशा बारीक आठवणीहि टिपाव्या.

दुसरें, संशय आल्यास जनुकाची चांचणी आधीं रोग झालेल्या माणसाची करावी, निरोग्याची नव्हे. त्याच्यांत नेमका कोणता दोष आहे हें एकदां कळलें म्हणजे बाकीच्या आप्तांची तपासणी सोपी होते. तोच दोष आहे कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें असतें. त्यांतला एक भाऊ अमेरिकेंत असला आणि त्याची चांचणी तेथें झाली तरी त्याचा कागद चिपळुणांतल्या भावंडांच्या उपयोगी पडतो. म्हणून असा कागद पेटींत न ठेवतां सर्व शाखांस पाठवावा.

तिसरें, एफएपीच्या घराण्यांतील मुलांची तपासणी वयाच्या १० ते १२ व्या वर्षापासून सुरू करतात. ज्याला दोष नाहीं त्याची सुटका होते; ज्याला आहे त्याचें आंतडें ठराविक काळानें दुर्बिणींतून पाहतात, आणि शस्त्रक्रियेची वेळ डॉक्टर ठरवितात. लिंच प्रकारांत ही तपासणी साधारणतः विशीनंतर सुरू होते. मुलास सांगतांना आजी-आजोबांनीं रडारड करूं नये. चष्मा लागला हें जसें सांगतों तशा स्वरांत, खरें आणि थोडें सांगावें.

आमच्या तालुक्यांत डेरवण येथील वालावलकर रुग्णालय आणि टाटा रुग्णालय यांच्या सहकार्यानें तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीं खेड्यांतील लोकांच्या तपासण्या झाल्या आहेत. रोग दुखूं लागण्यापूर्वीं शोधावयाचा असतो, ही गोष्ट त्यामुळें आमच्याकडील अनेक घरांत पोंचली. आनुवंशिक रोगाच्या बाबतींत मात्र शोधाची पहिली पायरी रुग्णालयांत नसून आपल्या माजघरांत आहे. तेथील आठवण बोलली नाहीं तर डॉक्टरांस कळावें कसें?

आणि आठवणीवर तरी किती विसंबावें! २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळुणांत शिरलें तेव्हां १८६४ मध्यें स्थापन झालेल्या आमच्या वाचनालयाचीं पुस्तकें जशीं भिजलीं, तशींच घरोघरचीं दप्तरें, जन्मपत्रिका आणि रुग्णालयांचे कागद चिखलांत गेले. म्हणून तक्त्याच्या तीन-चार प्रती कराव्या. एक घरीं, बाकीच्या परगांवच्या भावंडांकडे, आणि एक सासरीं गेलेल्या प्रत्येक लेकीकडे.

यापुढें जो कोणी आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त सिद्ध करील त्यानें नांव, गोत्र, संतति यांच्या पंक्तीस मृत्यूचें वय व कारण हा रकाना अवश्य आंखावा. जिवंत व्यक्तींचीं दुखणीं छापून जाहीर करूं नयेत. तीं घरच्या तक्त्यांत असावीं. परंतु गेलेल्यांची हकीगत खरी लिहावी. श्राद्धाच्या दिवशीं आपण तीन पिढ्यांचीं नांवें उच्चारतों. त्या तीन पिढ्या कशानें गेल्या हें पुढच्या पिढीस सांगून ठेवणें, हेंहि पितृऋण फेडण्याचाच एक मार्ग आहे.